स्नूपिंग बंद करणं हा इलाज नव्हे

कळंगुटपासून मडगावपर्यंत हॉटेलांत आयपीटीव्ही (नेटवर्कवरून येणारा टीव्ही) बसवणाऱ्यांत एक समज घट्ट आहे: चॅनल चारेक मिनिटांनी गोठलं, की स्विचवरचं आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवरचा टीव्ही कोणतं चॅनल मागतोय ते पाहून तेवढंच तिकडे पाठवणं) बंद करा. चित्र परत येतं खरं, पण मग प्रत्येक चॅनल त्या व्हीलॅनच्या (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागाच्या) झाडून सगळ्या पोर्टांवर ओतलं जातं. त्याच व्हीलॅनवर पाहुण्यांचं वायफाय असेल (बऱ्याचदा असतंच), तर तेही मेलं.

दोष बहुधा क्वेरिअर नसण्याचा. ‘कोण बघतंय?’ असं दर 125 सेकंदांनी विचारणारं कुणी नसेल, तर मूळ सेटिंगनुसार स्विच 260 सेकंदांनी टीव्हीची नोंद पुसतो. त्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअर चालू करा. चॅनल पाठवणारा सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर पिम (चॅनल एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेणारा राउटिंग प्रोटोकॉल) किंवा तसं काही हवंच. स्ट्रीमचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा आकडा; शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं) 1 असेल, तर पिमचाही उपयोग नाही.