मुंबई दर्शन, बेळगावाकडून

मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावातून रात्री मुंबईला सुटणाऱ्या स्लीपर गाड्यांत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक कामाला निघालेली. ती सायन-दादरला उतरून गर्दीत मिसळून जातात. दुसरी पिशवीत कुंद्याचा डबा घेतलेली. कुंदा डोंबिवलीच्या आत्याला, आंघोळ तिच्याकडेच, आणि मग दिवसभर ‘मुंबई दर्शन’ची बस. गेटवे, म्युझियम, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, शेवटी जुहूला भेळ. पुढच्या सीटवर माइक घेतलेला गाइड, त्याचे ठरलेले विनोद. आमच्या तीन पिढ्यांनी ही यादी थोड्याफार फरकाने बघितली. खरं ती बघायला जाण्याचं कारण दर पिढीला वेगळं होतं. (‘खरं’ म्हणजे आमच्या बेळगावात ‘पण’, बाहेरच्यांचा घोळ होतो म्हणून सांगितलं.)

पेशवाई बुडाल्यावर, १८१८ नंतर, हा मुलूख कंपनीच्या मुंबई इलाख्यात गेला आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई हीच आमची राजधानी राहिली. अपील मुंबईला, मोठी नोकरी मुंबईला, मोठा दवाखानाही मुंबईलाच. हौस म्हणून शहर बघायला जाणारे थोडे. आमचे आजोबा १९५२-५३ च्या सुमाराला गेले ते जमिनीच्या अपिलासाठी. तारीख दोन दिवस पुढे गेली. परत येणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ट्रामने शहर बघितलं. राणीची बाग आणि तेव्हा नवंकोरं असलेलं तारापोरवाला मत्स्यालय. ते १९५१ साली सुरू झालं होतं. मत्स्यालय आता बंद आहे आणि ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली, त्यामुळे त्यांच्या यादीतली राणीची बाग तेवढी उरली.

ते गेले बोटीने. रेल्वेने पुण्याला गाडी बदलून जाता येई, खरं सामान जास्त असलं की आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जायचं आणि तिथून आगबोट धरायची. बोट भाऊच्या धक्क्याला लागे. आम्ही पहिल्यांदा व्हॉल्वोने जाऊन आलो तेव्हा ते म्हणाले होते, “आमी मुंबई म्होरल्या दारातनं बघितली. तुमी मागल्या दारातनं जायलाय.” शहर बंदराचं. त्याचं तोंड पाण्याकडे आहे, हे बसच्या खिडकीतून लक्षातच येत नाही.

बसमधून दिसणाऱ्या बऱ्याचशा जुन्या मुंबईची सुरुवात १८६० च्या दशकातली. किल्ल्याची तटबंदी तेव्हाच पाडली गेली. राणीची बाग १८६२ ची, फ्लोराचं कारंजं १८६४ चं. मुंबईचं सविस्तर वर्णन करणारं मराठी पुस्तक, गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’, १८६३ सालचं. म्हणजे दर्शनाची बस यायच्या कितीतरी आधी गाइड छापून तयार होता. या सगळ्यामागे पैसा होता कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते ६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या बंदरात पैशाचा पूर आला. त्या कापसाचा एक वाटा धारवाड आणि बेळगावकडच्या काळ्या जमिनीतला. बैलगाड्यांनी घाट उतरून तो कुमठ्याच्या आणि वेंगुर्ल्याच्या बंदरांत जाई. मुंबईच्या बाजारात इकडच्या कापसाला नावच ‘कुमठा’ पडलं होतं. फोर्टमधली दगडी इमारत बघून “इंग्रजांनी काय बांधलंय!” म्हणणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या बैलहोंगलच्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

गेटवेची गोष्ट मात्र गाइड रंगवून सांगतो आणि अर्धी सांगतो. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरला तेव्हा दरवाजा नव्हताच; पायाचा दगडसुद्धा १९१३ च्या मार्चमध्ये बसला. राजाच्या स्वागताला होती पुठ्ठ्याची प्रतिकृती. जॉर्ज विटेटच्या आराखड्याचं खरं बांधकाम उरकून दरवाजा खुला झाला ४ डिसेंबर १९२४ ला. आणखी तेवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून बोटीत चढली. शेजारचं ताज हॉटेल १९०३ चं, म्हणजे कमानीच्याही आधीचं.

गेटवेवरूनच घारापुरीच्या लाँच सुटतात. जायलाच तास लागतो, अर्धा दिवस मोडतो, म्हणून एका दिवसाच्या दर्शनात घारापुरी सहसा नसते. माझ्या मते बघायची तर हीच. आमच्या शाळेच्या सहली बदामी-ऐहोळेला जायच्या. ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती नावाचं जैन देऊळ आहे आणि त्याच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा इसवी सन ६३४ चा संस्कृत शिलालेख. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचे पराक्रम त्यात आहेत. कोकणातल्या मौर्यांचा पराभव आहे, आणि मग ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ असलेल्या पुरीवर माजलेल्या हत्तींच्या कळपांसारख्या शेकडो नौका घेऊन राजाने चाल केल्याचं वर्णन. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर आमच्या बाजूने मुंबईच्या खाडीत गेलेली पहिली मंडळी दर्शनाला गेली नव्हती!

हत्तीचा धागा पुढेही आहे. पोर्तुगीजांना धक्क्याजवळ भला मोठा दगडी हत्ती दिसला, त्यावरून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणून नंतर जोडले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही उभा आहे. पोरांना पिंजऱ्यातले प्राणी बघायची घाई असते. मोठ्यांनी तरी दोन मिनिटं थांबून याच्या अंगावरचे सांधे बघावेत. (घारापुरी सोमवारी बंद असते. रविवारी रात्री निघणाऱ्या बेळगावकराला हे आधी कळलेलं बरं.)

बाकीची यादी पोरांसाठी वाढत गेली. म्हातारीचा बूट असलेली कमला नेहरू बाग १९५२ ची, तारांगण १९७७ चं, विज्ञान केंद्र १९८५ चं. बुटाच्या बागेसमोरच्या हँगिंग गार्डनखाली पाण्याची टाकी आहे, हे ऐकून लहानपणी आम्ही पाय हळू टाकले होते.

आणि मग हुतात्मा चौक. दर्शनाच्या बसला तिथे थांबा नाही. गाइड फ्लोराकडे बोट दाखवून “रोमन देवी” म्हणतो, सिग्नल सुटतो, बस व्हीटीकडे वळते. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार खिडकीतून दिसतात ते तेवढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच भागात मोर्चावर गोळीबार झाला. पुढे १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी बेळगाव-निपाणीत लोक रस्त्यावर उतरले. तिथेही गोळ्या चालल्या. चालवणारे पोलीस मुंबई राज्याचेच, कारण तेव्हा आम्हीही त्याच राज्यात होतो. मागणी एकाच दमात म्हटली जायची: “मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.” १ मे १९६० ला त्यातलं पहिलं नाव मिळालं. बाकीची तिन्ही साडेतीन वर्षं आधीच म्हैसूर राज्यात गेली होती. बेळगावातही एक हुतात्मा चौक आहे. दर १७ जानेवारीला तिथे लोक जमतात, त्यामुळे बसमध्ये बेळगावची चार माणसं असली की या सिग्नलला एकदम गप्प होतात आणि गाइडला वाटतं, विनोद पडला.

रात्री परतीची गाडी. निपाणीच्या अलीकडे, कोगनोळीजवळ हद्द ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते आणि आई डबा चाचपते. रिकाम्या डब्यात आत्याने न चुकता काहीतरी घातलेलं असतं. आजोबा अपिलासाठी गेले त्या वर्षी तिथे राज्याची हद्द नव्हती.