‘दलित ख्रिस्ती’: एका शब्दावरून चाललेल्या घरच्या वादाची पार्श्वभूमी

अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा की मिळू नये, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्याला ख्रिस्ती समाज विरुद्ध सरकार असा वाटतो. प्रत्यक्षात तो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आतला वाद आहे आणि न्यायालयातील खटल्यांपेक्षा त्याचे वय अधिक आहे. एकाच बाकावर बसणारी, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे या प्रश्नावर परस्परविरोधी मते बाळगून आहेत आणि दोन्ही बाजूंना आपले मत शास्त्राला धरून आहे असेच वाटते.

मिशनकाळाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकेहून आलेल्या मिशनचे काम अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८४२ पासून तिथल्या नियतकालिकातून ख्रिस्ती लोकांना आपसांत आणि इतरांशी वाद घालण्याची जागा मिळाली. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे संख्येने सर्वांत जास्त होती, तर ब्राह्मण कुटुंबांतून आलेली माणसे मोजकी असली तरी लिहिण्या-बोलण्यात ठळक होती. जात मंडळीच्या दाराबाहेर ठेवायची, हा त्या काळचा दंडक होता. ती दाराबाहेर राहिली का, याचे उत्तर सोयरिकी जुळवताना मिळत असे.

आजच्या वादाचे खरे मूळ मात्र १९३० नंतरच्या राजकारणात आहे, आणि त्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही असे मला वाटते. दुसऱ्या गोलमेज परिषदेत भारतीय ख्रिस्ती समाजाचे दोन प्रतिनिधी परस्परांविरुद्ध भूमिका घेऊन बसले होते. दक्षिणेतून आलेल्या कॅथलिक प्रतिनिधीने स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे ख्रिस्ती प्रतिनिधी फक्त ख्रिस्ती मतदारांनी निवडण्याची सोय, मागितले आणि नोव्हेंबर १९३१ मधील अल्पसंख्याकांच्या करारावर सही केली. प्रोटेस्टंट प्रतिनिधीने त्या करारापासून स्वतःला अलग ठेवले. ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्यापासून वेगळी मतपेटी मागितली तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचे काय, असा एका बाजूचा सवाल होता. मूठभर माणसांचा आवाज मोठ्या मतपेटीत ऐकू तरी येईल का, असे दुसरी बाजू विचारत होती. दोन्ही सवाल प्रामाणिक होते. निर्णय मात्र लंडनमध्ये झाला आणि १९३५ च्या कायद्याने स्वतंत्र मतदारसंघ दिले. मुंबई इलाख्याच्या १७५ जागांच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती लोकांच्या वाट्याला ३ जागा आल्या.

याच व्यवस्थेचा भाग म्हणून १९३६ मध्ये अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा आदेश निघाला. कोणीही भारतीय ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या वेळच्या हिशेबात हे एका अर्थाने सुसंगतच होते, कारण ख्रिस्ती मतदारांना त्यांच्या जागा वेगळ्या मिळालेल्या होत्या आणि एकाच माणसाची गणती दोन खात्यांत होऊ नये, इतकाच त्यामागचा तर्क दिसतो. हा तर्क बरोबर मानला तर पुढे जे घडले ते अधिकच खटकते.

ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेपुढे आलेल्या अल्पसंख्याकविषयक अहवालात मतदारसंघ संयुक्त करून केंद्रीय कायदेमंडळात, तसेच मद्रास आणि मुंबई या दोन प्रांतांत, भारतीय ख्रिस्ती समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा द्याव्यात, अशी तरतूद होती. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय झाला आणि ख्रिस्ती सदस्यांनी त्याला मनापासून पाठिंबा दिला. हा त्याग समाजाच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो आणि त्यात अभिमान वाटण्यासारखे आहेही. पण जागा सोडल्या त्या दिवशी वगळणुकीचे कारणही संपले होते, ही गोष्ट कोणी मोठ्याने मांडल्याचे दिसत नाही. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू धर्माहून वेगळा धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे वाक्य आले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही, त्यामुळे आदिवासी कुटुंब ख्रिस्ती झाले तरी त्याचा दाखला कायम राहतो. ही विसंगती मंडळीतल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसालाही चटकन समजते.

आता त्या शब्दाकडे वळू. कायदा ‘अनुसूचित जाती’ म्हणतो, सरकारी अहवाल ‘धर्मांतरित’ म्हणतात आणि चळवळीतील माणसे ‘दलित ख्रिस्ती’ म्हणतात. पणजोबांचा बाप्तिस्मा झालेल्या माणसाला ‘धर्मांतरित’ म्हणणे विचित्र आहे, पण त्याला दुसरा सोयीचा शब्दही नाही. ‘दलित’ या शब्दाला आजचा राजकीय अर्थ महाराष्ट्रात १९७० नंतर ठळकपणे चिकटला. तो १९८० च्या दशकाच्या आरंभी बंगळूरच्या एका धर्मविद्यालयातील मांडणीतून ईश्वरविज्ञानात (थिऑलॉजीत) शिरला आणि तेथून पाळकांच्या (पास्टरांच्या) प्रवचनांत आला. अनेक वयस्क माणसांना तो आजही पसंत नाही. त्यांना ‘मराठी ख्रिस्ती’ हा शब्द पुरेसा वाटतो. ख्रिस्ताच्या ठायी यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, असे बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि ते वचन याच बाजूने सर्वाधिक वाचले जाते. जात आम्ही नाकारली म्हणून तर इथे आलो; आता सवलतीसाठी ती पुन्हा मागून घ्यायची, तर बाप्तिस्म्याचा अर्थ काय उरला, असा त्यांचा प्रश्न असतो.

दुसरी बाजू तेच वचन वाचते आणि ते वर्णन आहे की आज्ञा, असे विचारते. भेद नाही असे लिहिले आहे तर लग्नाच्या वेळी आडनाव का विचारता, हा त्यांचा सवाल कोणालाच टाळता येत नाही. ही माणसे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाकडेही बोट दाखवतात. पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी ‘आपण सारे एकच आहोत’ असे सांगून विषय मिटवला नाही. त्यांनी सात माणसे नेमली. माझा कल कुणीकडे आहे हे वाचकाच्या लक्षात आले असेलच.

वाद घालण्याची रीतही या प्रश्नाने घडवली आहे. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत हा विषय निघाला की प्रार्थनेने सुरुवात होते, आवाज चढत नाहीत, कोणी कोणाला अविश्वासू म्हणत नाही, आणि शेवटी इतिवृत्तात ‘विषयावर चर्चा झाली’ एवढीच ओळ उमटते. एका जुन्या इतिवृत्ताच्या वहीत मी तीच ओळ लागोपाठच्या चार वार्षिक सभांत वाचली आहे. हस्ताक्षर तेवढे बदललेले होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका, असे सांगितले आहे, आणि मतभेद सांभाळण्यासाठी आपल्याकडे त्याचाच आधार घेतला जातो. तो चांगला आधार आहे. मात्र ताटात काय आहे यावरचा मतभेद वेगळा आणि ताट कोणापर्यंत पोहोचत नाही यावरचा मतभेद वेगळा. ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती अडली आहे त्याला सौम्यपणे बोलायला सांगणे आणि ज्याचे काही अडलेले नाही त्याने सौम्यपणे बोलणे, यांची किंमत सारखी नसते.

बैठकीत ज्याच्याविषयी सहसा बोलले जात नाही असा एक गट आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’ आणि मंडळीच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत नाव, अशी दोन कागदांवर विभागलेली अनेक कुटुंबे आहेत. एकाच घरात थोरल्या भावाच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर जात, असेही आढळते; ज्या वर्षी ज्या शिक्षकाने जे लिहिले ते लागू झाले. हा गट दर्जाच्या मागणीला मनातून पाठिंबा देतो, पण उघड सही करत नाही, आणि पाळकही त्याचे कारण विचारत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा झालेल्या आणि हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्या पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळल्यापासून हे मौन अधिक घट्ट झाले आहे.

न्यायालयातील आधीचा महत्त्वाचा निकाल १९८५ चा. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणाऱ्या एका चर्मकाराला, तो ख्रिस्ती झाला आहे म्हणून, सरकारी योजनेतील मोफत टपरी नाकारली गेली. न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारे हाल नव्या समाजात तितक्याच तीव्रतेने चालू राहतात, हे दाखवावे लागेल. म्हणजे हक्क हवा असेल तर आपल्याच मंडळीत अस्पृश्यता आहे याचा पुरावा आणा, असा त्याचा अर्थ झाला. घरातल्या वादाला याहून अवघड वळण मिळणे शक्य नव्हते. चर्चचे नाव राखायचे तर खटला हरतो आणि खटला जिंकायचा तर चर्चचे वाभाडे काढावे लागतात. देशातील कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाविषयीच्या धोरणात चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केले. त्यासाठी निकालानंतर ३१ वर्षे जावी लागली.

केंद्राने नेमलेल्या एका आयोगाने २००७ मध्ये १९५० च्या आदेशातील तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली, तीही एका सदस्याच्या भिन्न मतासह. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढही मिळाली. दरवर्षी १० ऑगस्टला काही ठिकाणी काळा दिवस पाळला जातो. त्याच्या जवळच्या रविवारी काळी फीत लावून उपासनेला यावे की फीत दारातच काढून ठेवावी, यावर काही मंडळ्यांत अजून एकमत झालेले नाही.