मेथीची जुडी आणि अडलेली ओळ

‘नुसताच बसलायस ना, मग एवढी मेथी निवडून दे.’

घरून काम करायला लागल्यापासून आईचं हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. मी जाहिरातींचा मजकूर लिहितो. लोणच्याच्या बरणीवर छापायला चार शब्दांची ओळ हवी असते आणि चारच शब्दांची असते म्हणून ती दोन-दोन दिवस सुचत नाही. त्या दिवशीही मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. याला काम म्हणतात, हे बघणाऱ्याला कळावं कसं? मुकाट्याने जुडी सोडली, पानं खुडायला लागलो, आणि अर्धी जुडी संपता संपता ओळ आली. (क्लायंटला ती आवडली नाही, तो भाग वेगळा.)

असं होतं हे बऱ्याच जणांनी अनुभवलेलं असतं, आणि त्याची नोंदही जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ १८९१ साली आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभात म्हणाले होते, की चांगल्या कल्पना त्यांना टेबलाशी बसून कधी सुचल्या नाहीत. ऊन पडलेलं असताना झाडीतल्या टेकड्या सावकाश चढताना त्या यायच्या. फ्रेंच गणिती प्वांकारे यांना एका अवघड प्रश्नाचा धागा सहलीला निघताना, घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता सापडला. या आठवणी सांगताना एक गोष्ट मात्र हमखास गाळली जाते. हेल्महोल्ट्झनी त्याच भाषणात बजावलं होतं, की आधी प्रश्न सगळ्या बाजूंनी उलटापालटा करून, डोकं शिणेपर्यंत घासावा लागतो. प्वांकारेही त्याआधी पंधरा दिवस रोज टेबलाशी झटत होते.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली या प्रवासाचे चार टप्पे मांडले: तयारी, उबवण, उलगडा आणि पडताळणी. यातला ‘उबवण’ हा शब्द मला फार आवडतो. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा अंड्यांवरून उठते, दाणे टिपते, पाणी पिते आणि परत येऊन बसते. तेवढ्याने अंडी गार पडत नाहीत. पण खाली अंडीच नसतील तर ती कितीही दिवस बसून राहिली तरी पिल्लू निघणार नाही.

विरामाचा खरंच फायदा होतो का, हे तपासणारे ११७ अभ्यास एकत्र करून सिओ आणि ऑर्मरॉड या संशोधकांनी २००९ मध्ये त्यांचा ताळा मांडला. फायदा होतो, असं दिसलं. एकच ठरलेलं उत्तर असलेल्या कोड्यांपेक्षा, ज्यांना अनेक उत्तरं असू शकतात अशा कामांत तो जास्त दिसला. आणि विरामाआधी प्रश्नाशी जास्त वेळ झगडलेल्यांना तो अधिक मिळाला.

मधल्या वेळात डोक्यात काय होतं, यावर मात्र एकमत नाही. एक मत असं की नेणिवेत काम चालूच राहतं. दुसरं अगदी साधं आहे आणि मला तेच जास्त पटतं: आपण विसरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन स्मिथ यांनी प्रयोगात लोकांना कोडी दिली आणि सोबत मुद्दाम चुकीच्या दिशेचे इशारे दिले. लोक त्या इशाऱ्यांत अडकले. थोड्या वेळाने तीच कोडी पुन्हा दिली, तेव्हा इशारा पुसट झाला होता आणि ती सुटू लागली. लोणच्याच्या ओळीत मी दोन दिवस ‘आजी’ या शब्दापाशी घुटमळत होतो. लोणचं म्हटलं की आजी आलीच! मेथी निवडताना आजी डोक्यातून गेली.

शिवाय मेंदू रिकामा बसत नाहीच. त्याचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर आराम करत असतानाही ऊर्जेचा जवळपास २० टक्के वाटा तो घेतो. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की बाहेरच्या कामातून लक्ष निघालं की मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त सक्रिय असतात. आठवणी, पुढचे बेत, मनोराज्यं यांच्याशी या भागांचा संबंध आहे. मन भरकटतं म्हणतो ते बहुधा इथेच.

मग प्रश्न उरतो तो विराम कसला घ्यायचा याचा. २०१२ च्या एका प्रयोगात लोकांना विटेसारख्या साध्या वस्तूचे जगावेगळे उपयोग सुचवायला सांगितले होते. मग १२ मिनिटांचा खंड. काहींना त्या वेळात डोक्याला ताण देणारं काम दिलं, काहींना अगदी हलकं, काही नुसतेच बसून राहिले, तर काहींना खंडच दिला नाही. तीच वस्तू पुन्हा दिल्यावर हलकं काम केलेल्यांची उत्तरं सुमारे ४० टक्क्यांनी सुधारली. नुसतं बसलेल्यांची तेवढी नाही. नव्या वस्तूंच्या बाबतीत कोणालाच फायदा झाला नाही, म्हणजे पुन्हा तेच: आधी झगडलेला प्रश्न हवा. मात्र हा निकाल पुढच्या प्रयोगांत दर वेळी मिळालेला नाही, त्यामुळे ४० हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नये.

का मिळत नसावा, याचं एक उत्तर २०२२ च्या अभ्यासात सापडतं. त्यात मधल्या वेळात काहींना कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसांचा कंटाळवाणा व्हिडिओ दाखवला, काहींना एका चित्रपटातला बऱ्यापैकी रंगणारा प्रसंग. मन भरकटल्याचा फायदा झाला तो दुसऱ्या गटात. पूर्ण कंटाळा कामाचा नाही. लक्ष थोडं तरी गुंतायला हवं. (स्वतः घड्या घालणं आणि दुसऱ्याला घड्या घालताना बघणं यात फरक आहे, हे त्या संशोधकांना माझ्या आईने सांगितलं असतं.) मेथी निवडण्यात नेमकं हेच असतं. कोवळा दांडा ठेवायचा, जून टाकायचा, पिवळं पान बाजूला. डोळे आणि बोटं कामात, बाकी मन मोकळं.

चालणं तर आहेच. स्टॅनफर्डमधल्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना सुचणाऱ्या नव्या कल्पनांचं प्रमाण बसलेल्यांपेक्षा सरासरी ६० टक्क्यांनी जास्त निघालं, तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर. एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात मात्र चालणारे किंचित मागे पडले. डोंबिवलीहून दादरला लोकलने जायचो तेव्हा स्टेशनपर्यंतची पायपीट आपोआप व्हायची. आता बेडरूम ते टेबल सात पावलं आहेत.

फोन हा विराम नव्हे. शब्दकोडी सोडवता सोडवता मध्ये फोनवर विसावा घेतलेल्यांनी पुढच्या टप्प्यात जास्त वेळ लावला आणि कमी कोडी सोडवली, असं २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. घरी हाच धोका मोठा, कारण तिथे ऑफिससारखं आपल्याला बघायला कोणी नसतं.

दुपारच्या आडवं होण्याबद्दलही एक गमतीची गोष्ट आहे. पॅरिसमध्ये २०२१ साली १०३ जणांना आकड्यांची किचकट उदाहरणं दिली. त्यांत एक छुपी वाट होती: शेवटचं उत्तर नेहमी दुसऱ्या पायरीच्या उत्तराइतकंच यायचं. मग अंधाऱ्या खोलीत, हातात पेला देऊन २० मिनिटं विश्रांती. गाढ झोप लागू लागली की पेला पडणार. जे पूर्ण जागे राहिले त्यांच्यातल्या ३० टक्के लोकांना ती वाट सापडली. ज्यांना झोपेच्या पहिल्या उंबरठ्यावर किमान १५ सेकंद मिळाले, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना. आणि जे त्याहून खोल गेले, त्यांच्यातल्या फक्त १४ टक्क्यांना. वामकुक्षी करावी, पण पंखा फार जोरात लावू नये, असा अर्थ मी माझ्यापुरता काढला आहे.

एवढं वाचून दर अर्ध्या तासाने उठावंसं वाटेल. मलाही वाटतं. पण लुकस आणि नॉर्डग्रेन या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की आणखी थोडा वेळ चिकाटी धरली तर किती सुचेल, याचा अंदाज लोक कमी लावतात. ‘आता काही उरलं नाही’ असं वाटतं तेव्हाही बरंच उरलेलं असतं. पहिल्या पाच ओळी फसल्या की मी फ्रिज उघडतो. त्याला उबवण म्हणत नाहीत, पळ काढणं म्हणतात. फरक ओळखायची माझी खूण अशी: कुठे अडलंय ते एका वाक्यात लिहिता आलं तर उठायचं. लिहिता येत नसेल, तर अजून नीट अडकलेलोच नाही.

आईने काल रात्री वाल भिजत घातले आहेत. मोड येऊन ते सोलायला माझ्यासमोर यायला अजून दीड-दोन दिवस आहेत. तेवढ्यात मसाल्याच्या नव्या कामात मला व्यवस्थित अडकून घ्यायचं आहे.