वृद्धाश्रमांतील साथनियंत्रण

वृद्धाश्रमात संसर्गजन्य आजार फैलावू लागला तर तो ओळखणे, कळवणे आणि आटोक्यात आणणे यासाठीची शासकीय व्यवस्था. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे आणि साथ आरोग्य विभागाकडे, त्यामुळे सातारा-सांगलीतल्या संस्थाचालकांना दोन खात्यांच्या कागदांतून वाट काढावी लागते.

मुंबईच्या प्लेगमुळे झालेला साथरोग अधिनियम, १८९७ हा आजही पाया आहे. त्या प्लेगात सातारा भागातले लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. अंथरुणाला खिळलेल्यांच्या आश्रमात ही रीत चालत नाही. तिथे माणसे हलत नाहीत, हलतात त्या सेवा करणाऱ्या मावश्या. एकाला भरवून तोच हात दुसऱ्याच्या ताटाला लागतो. म्हणून एका खोलीला एकच मावशी नेमणे हा उपाय सगळ्यांत स्वस्त, आणि माणसे कमी असल्याने सगळ्यांत अवघडही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ नुसार राज्य प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम उभारू ‘शकते’. साथीचे काय, यावर कायदा गप्प आहे. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, तेव्हा सूत्रे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे होती. त्या काळात ‘विलगीकरण’ (आजाऱ्याला वेगळे ठेवणे) आणि ‘अलगीकरण’ (संपर्कात आलेल्याला वेगळे ठेवणे) हे दोन शब्द कागदावर रुळले. बोलताना मात्र दोन्हींना क्वारंटाइनच म्हणत. मे २०२१ मध्ये केंद्राने घराजवळच्या लसीकरण केंद्रांची मुभा दिली, तीत वृद्धाश्रमांचाही समावेश होता.

इंग्लंडमध्ये कोरोनाकाळात एका संस्थेत १४ दिवसांत परस्परसंबंधित दोन रुग्ण आढळले की साथ आली असे धरत. तिथेच २०२० मध्ये रुग्णालयांतून वृद्धांना तपासणी न करता शुश्रूषागृहांत (तिथल्या वृद्धाश्रमांत) पाठवले गेले. संसर्गाची लक्षणे नसलेल्यांपासूनचा धोका लक्षात न घेणारे ते धोरण उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये बेकायदा ठरवले.

आकडा ठरला तरी पहिला रुग्ण कळला पाहिजे. म्हाताऱ्या शरीरात ताप चढेलच असे नाही. आजीने भाकरी परत पाठवली, आजोबा असंबद्ध बोलू लागले किंवा न्हाणीघरात पडले, हेच पहिले लक्षण असू शकते. ते वहीत लिहिले जाते की ‘वयोमानाने होतंय’ म्हणून सोडून दिले जाते, यावर पुढचे सगळे ठरते.

कोरोना सोडला तर इथला नेहमीचा शत्रू म्हणजे जुलाब-उलट्या आणि खरूज. जुलाबांत सॅनिटायझरवर विसंबू नये, नोरोव्हायरसवर (जुलाब-उलट्यांचा एक विषाणू) तो फारसा चालत नाही, साबण-पाणीच हवे. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी टेस्टला (पाण्यातला क्लोरीन तपासण्याची चाचणी) पाणी पिवळे आले नाही तर टाकलेले फुकट गेले असे समजावे. खरजेचे मलम एकाच रात्री सगळ्यांना, मावश्यांनाही लावतात, आणि चादरी गरम पाण्यात धुतात. खाज नाही म्हणून एकाला वगळले की महिन्याभरात पुन्हा तेच.