बर्लिनमध्ये ओ पेअर आणि शनिवार-रविवारचा इतिहासाचा अभ्यासक्रम: सातारा-सांगलीच्या अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि कामाचा क्रम

ओ पेअर म्हणजे परदेशी कुटुंबात राहून मुलांना सांभाळणे, घरातल्या हलक्या कामात हातभार लावणे आणि त्या बदल्यात राहणे-जेवण, हातखर्च व भाषा शिकण्याची संधी मिळणे. सातारा, कराड, सांगली, मिरजेकडच्या ज्यांना बर्लिनला जाऊन सुट्टीच्या दिवशी त्या शहराचा इतिहास रीतसर शिकायचा आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी. अभ्यासक्रमासाठी लागणारा वेळ यजमान कुटुंबाशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावा.

कारण नियमातच आहे. जर्मनीत ओ पेअरला आठवड्याला किमान दीड दिवस सुट्टी मिळते, पण महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळण्याची हमी असते. बाकीची सुट्टी कुटुंबाने मंगळवारी दिली तरी नियम मोडत नाही. सलग चार शनिवार-रविवारचा वर्ग मग बुडतो आणि भरलेले शुल्कही जाते. म्हणून कराराला जोडलेल्या आठवड्याच्या वेळापत्रकात सरळ लिहा: 'मार्च ते जून, शनिवारी दुपारी एकनंतर आणि रविवारी पूर्ण दिवस काम नाही.' 'सुट्टी सोयीनुसार' असे मोघम वाक्य मान्य करू नका.

इंटरनेटवर 'ओ पेअरसाठी वीकेंड कोर्स' शोधले की बहुतेक माहिती अमेरिकेची निघते. तिथे जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावरच्या ओ पेअरला ६ क्रेडिटचे (अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे गुणांक) शिक्षण सक्तीचे आहे आणि यजमान कुटुंब त्यासाठी ५०० डॉलरपर्यंत देते. जर्मनीत अशी सक्ती नाही आणि तो पैसाही नाही. कुटुंबाने दरमहा ७० युरो द्यायचे असतात, पण ते भाषावर्गासाठी. इतिहासाच्या वर्गाचे शुल्क त्यातून द्यायला कुटुंब तयार असेल तर तेही लेखी घ्या, नाहीतर ते तुमच्या हातखर्चातून जाईल.

पात्रता

वय १८ पूर्ण हवे आणि व्हिसाचा अर्ज करताना २७ पूर्ण झालेली नसावीत. सव्विसावे संपत आलेल्यांनी कुटुंब शोधण्यात महिने घालवू नयेत. मुदत किमान सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष आणि ही संधी एकदाच मिळते. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त नाही. रात्री मुलांजवळ थांबणेही त्यातच मोजतात. हातखर्च दरमहा २८० युरो, आजारपणात आणि रजेतही. पूर्ण वर्षाला चार आठवडे रजा. आजारपण, बाळंतपण आणि अपघाताचा विमा कुटुंबाने काढायचा. विमानाचे तिकीट सहसा स्वतःच्या खिशातून.

कुटुंबात जर्मन बोलली जायला हवी. ती त्यांची मातृभाषा नसेल, तर ओ पेअर त्यांच्याच मूळ देशाचा चालत नाही. म्हणजे बर्लिनमधल्या ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे जाण्याचा बेत इथेच अडतो. नात्यातले कुटुंब तर मुळीच चालत नाही.

जर्मनची ए-१, म्हणजे सर्वांत पहिली, पातळी लागते. परीक्षा पुण्याच्या माक्स म्युलर भवनात होते: वाचन साधारण २५ मिनिटे, ऐकणे आणि लेखन प्रत्येकी साधारण २० मिनिटे, बोलणे साधारण १५ मिनिटे, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ६० गुण. साताऱ्याहून पहाटेची स्वारगेट विनाथांबा गाडी पकडून वेळेत पोचता येते; सांगली-मिरजेच्या मंडळींनी आदल्या दिवशीच पुण्यात मुक्कामाला जावे. प्रमाणपत्र मिळाले तरी सराव सोडू नका. व्हिसाच्या खिडकीवर साधे प्रश्न जर्मनमध्ये विचारले जातात: कुटुंबात मुले किती, त्यांची वये काय, दिवसभर तुम्ही काय करणार. तिथे गप्प राहिलात तर प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही.

कागदपत्रे

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नाव व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र. करार, विमा आणि ए-१ प्रमाणपत्र या तिन्हींवर पासपोर्टप्रमाणेच अक्षर अन् अक्षर नाव हवे. 'दीपाली'चे स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असेल, तर पासपोर्ट काढण्याआधीच दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. पोलीस पडताळणीच्या वेळी अर्जातल्या पत्त्यावर हजर राहा. पुण्यात भाड्याने राहून गावचा पत्ता दिलेल्यांचे अर्ज नेमके इथे रखडतात.

व्हिसासाठी पासपोर्ट, ३५ × ४५ मिलिमीटरचे फोटो, भरलेला अर्ज, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, ए-१ प्रमाणपत्र, शिक्षणाची कागदपत्रे, स्वतःची माहिती, हेतुपत्र, विम्याचा पुरावा आणि कुटुंबाच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स लागतात. सगळ्याचे दोन सारखे संच करा. बालवाडीत किंवा अंगणवाडीत काम केले असेल तर तारखांसह लेटरहेडवर पत्र घ्या. 'मुले आवडतात' या वाक्यापेक्षा ते पत्र जास्त कामी येते. हेतुपत्रात बर्लिनच का, हे नेमके लिहा. इतिहासाचा वर्ग करायचा आहे हे जरूर लिहा, कारण भाषा आणि देशाची ओळख हाच या व्हिसाचा उद्देश आहे.

एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रे तपासल्याचा दाखला) आणि ब्लॉक्ड अकाउंट (खर्चापुरते पैसे अडकवून ठेवलेले खाते) या विद्यार्थी व्हिसाच्या गोष्टी आहेत, इथे लागत नाहीत. अपोस्टिलवरही, म्हणजे परदेशात दाखवायच्या कागदावरच्या सरकारी प्रमाणशिक्क्यावरही, पैसे घालवू नका. भारतीय अपोस्टिलला जर्मनीची हरकत आहे, त्यामुळे तो तिथे चालत नाही. जर्मन नियमाप्रमाणे मध्यस्थ संस्थेला ओ पेअरकडून १५० युरोपर्यंतच शुल्क घेता येते. लाखाच्या गोष्टी करणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करावा.

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. व्हिसा शुल्क ७५ युरो, ते रुपयांत भरायचे. निकालाला काही आठवडे ते तीन महिने धरा. कागदपत्रांची यादी बदलते, म्हणून अर्जाच्या आठवड्यात ती नव्याने उतरवून घ्या.

बर्लिनमध्ये पोचल्यावर

दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्ट या नागरी कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी राहायला घर देणाऱ्याची, म्हणजे इथे यजमान कुटुंबाची, सही असलेला कागद लागतो. तो आधीच तयार ठेवायला सांगा. व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्यासाठी अर्ज करायचा.

इतिहासाचे वर्ग परवडणाऱ्या दरात मिळण्याची मुख्य जागा म्हणजे फोल्क्सहोखशूले, म्हणजे प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था. बर्लिनच्या बाराही प्रभागांत ती आहे आणि नावनोंदणी ऑनलाइन होते. सत्रे साधारण फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. माहितीपत्रकातला 'एक तास' ४५ मिनिटांचा असतो. पुरेशी नावे न आल्यास वर्ग रद्द होतो, म्हणून दुसरा पर्याय हेरून ठेवा. सवलतीचा दर कोणाला आहे ते वाचा. ओ पेअर आपोआप विद्यार्थी ठरत नाही.

ए-१ वर इतिहासाचे जर्मन व्याख्यान डोक्यावरून जाते. ऑगस्टमध्ये पोचणाऱ्याने हिवाळाभर भाषा करावी आणि इतिहासाचा वर्ग वसंतातल्या सत्रात घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि पायी फिरून शिकण्याच्या वर्गाचा निम्मा रस तिथेच जातो. बर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावरचे बर्लिन भिंतीचे स्मारक सुमारे १.४ किलोमीटर लांब आणि उघड्यावर आहे. १३ ऑगस्ट १९६१ ला पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली सीमा बंद झाली तेव्हा तिथल्या घरांची दर्शनी भिंतच सरहद्द ठरली आणि लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. हे जागेवर उभे राहून, उजेडात समजून घ्यावे. तिथे आणि टोपोग्राफी डेस टेरर्स या नाझी काळावरच्या प्रदर्शनात प्रवेश मोफत आहे. राइखस्टागचा घुमटही मोफत, पण नाव आधी नोंदवावे लागते आणि पासपोर्ट सोबत लागतो. म्युझियम बेटावरचे पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद झाले. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून वर्ग निवडू नका.

शेवटच्या तासाला उपस्थितीचे प्रमाणपत्र मागून घ्या. ते बऱ्याचदा मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि त्यावर तासांची संख्या छापलेली आहे ना, हे तिथेच पाहा.