ग्लुटामेट, ग्लिया आणि जीन्स: मागची गोष्ट

न्यूरॉन्सभोवती असणाऱ्या ग्लिया या मदतनीस पेशींच्या जीन्सवर ग्लुटामेट कसं काम करतं, त्यामागची ही गोष्ट. पण ग्लुटामेट म्हटलं की आमच्या बडोद्यात पहिली आठवते चायनीजची लारी. तोच तो अजिनोमोटो, जपानच्या इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून काढलेला. (खाल्लेलं ग्लुटामेट मेंदूत फारसं शिरत नाही, सो निवांत खा.) मेंदू आपलं आपणच बनवतो, पण ते सगळ्याच पेशींत सापडतं म्हणून न्यूरॉन्समधला निरोप्या हाच असेल असं बरीच वर्षं कोणाला पटेना. १९५० च्या दशकात संशोधक हायाशींनी ग्लुटामेट मेंदूवर टाकल्यावर झटके येतात हे दाखवलं, मग १९५९ च्या सुमारास कॅनबेरात कर्टिस आणि वॉटकिन्सनी त्याने न्यूरॉन पेटतात हे मोजलं.

ग्लियाला मात्र कोणी विचारत नव्हतं. जर्मन डॉक्टर व्हिर्चोने १८५६ मध्ये नावच 'मज्जातंतूंचा गोंद' या अर्थाने ठेवलं, आता गोंदात रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी दारं, कोण शोधणार! १९८४ मध्ये डिशमध्ये वाढवलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या ग्लिया पेशीवर ग्लुटामेट टाकल्यावर तिचं व्होल्टेज बदलतं हे दिसलं आणि १९९० मध्ये त्याच पेशींतून कॅल्शियमच्या लाटा पळताना दिसल्या, तिथून गाडी रुळावर आली.

खरी मजा सेरेबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) बर्गमन ग्लिया या खास पेशींत आहे. त्यांच्या एएमपीए या ग्लुटामेट रिसेप्टरमध्ये ग्लुआर२ हा तुकडा नसतो, त्यामुळे दार उघडलं की सोडियमबरोबर कॅल्शियमही आत घुसतं, हे १९९२ ला कळलं. आता कॅल्शियम आत आलं की पीकेसीसारखे एन्झाइम जागे होतात, जीन्स चालू-बंद करणाऱ्या क्रेब या प्रोटीनवर फॉस्फेट चढतो, फॉस आणि जुन ही प्रोटीन्स जोडी जमवून एपी-१ होतात आणि डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतात, मग काही जीन्सचं काम वाढतं, काहींचं दबतं. नव्वदच्या दशकापासून हे काम मेक्सिको सिटीच्या सिन्व्हेस्टाव्ह या संशोधन संस्थेत ऑर्तेगा आणि लोपेझ-बायघेन यांच्या लॅबने चिकाटीने केलंय, तेही कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाच्या पेशींवर. २००४ चा त्यांचा निकाल मला सगळ्यात भारी वाटतो: जास्त ग्लुटामेट मिळालं की ही ग्लिया ग्लास्ट या ट्रान्सपोर्टरच्या (ग्लुटामेट उचलून पेशीत नेणाऱ्या प्रोटीनच्या) जीनचं काम पीकेसीमार्फत खाली आणते. म्हणजे जो माल उचलायचा त्याच मालाच्या हिशोबाने हमाल कमी!

माझी भाची इथेच एम.एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री करते, ती म्हणाली, "मामा, हे सगळं कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लावर का?" कारण साधं आहे, त्या वयात सेरेबेलममधून बर्गमन पेशी बऱ्यापैकी निवडून वाढवता येतात.

पण डिशमधलं जिवंत मेंदूत चालतं का? बर्गमन ग्लियापुरतं तरी रिसेप्टर कामाचे दिसतात. २००१ मध्ये त्यात ग्लुआर२ घुसवून कॅल्शियम बंद केलं तर पेशींनी सिनॅप्सभोवतीचे (दोन न्यूरॉन्समधल्या सांध्याभोवतीचे) हातपाय आवरते घेतले, आणि २०१२ मध्ये हे रिसेप्टरच काढले तर उंदरांच्या बारीक हालचाली बिघडल्या. मेंदूच्या कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस या भागांतल्या अ‍ॅस्ट्रोसाइटचं मात्र उलट निघालं. २०१३ ला कळलं की एमग्लुआर५ हा दुसरा ग्लुटामेट रिसेप्टर, ज्यावर कितीतरी थिअरी उभ्या होत्या, तो पिल्लात भरपूर असतो पण मोठ्या उंदरात आणि मोठ्या माणसातही जवळजवळ गायब. आणि डिशमधली कल्चर बहुतेक नवजात पिल्लांचीच असायची. त्यामुळे भाचीला सांगितलंय, पेपर उघडला की आधी मेथड्समध्ये प्राण्याचं वय बघ, जीनचा ग्राफ नंतर.