काळी माती, पण कर्ब किती?

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत एक ग्रॅम मातीवर डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण ओततात, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल. काचेचं शंकूपात्र हातात धरवत नाही इतकं तापतं. मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतून आणि शेणातून आलेला कार्बन, भरपूर असेल तर नारिंगी रंग हिरवटपणाकडे झुकतो. मराठवाड्यातल्या शेतातली काळीभोर माती घातली तर द्रावण बहुतेकदा नारिंगीच राहतं. तिच्यातला कर्ब पुष्कळदा ०.५ टक्क्याच्या आत, म्हणजे ‘कमी’ या वर्गात. उलट कोकणातली जांभ्याची तांबडी माती, झाडाखालची असेल तर, सहज १ टक्का ओलांडते.

म्हणून रंगावर जाऊ नये. ह्यूमस, म्हणजे पुरता कुजलेला काळपट सेंद्रिय भाग, थोडासाच असला तरी चिकणमातीच्या कणांवर पसरून बसतो आणि सगळं रान काळं दिसतं.

कर्ब किती मावेल हे मुख्यतः बारीक कणांवर ठरतं. वाळूला तो धरून ठेवायला जागाच नसते. पालापाचोळा कुजतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज मात्र पापुद्र्यांचं. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर कबड्डीची चार-पाच मैदानं भरतील! त्यांना चिकटलेला, ढेकळातल्या बारीक छिद्रांत दडलेला कर्ब दशकानुदशकं टिकतो. कोकणात हे काम लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं करतात.

म्हणजे काळ्या मातीची ऐपत मोठी, आवक तुटपुंजी. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या जळतात, शेणाच्या गोवऱ्या होतात, आणि दरवर्षीच्या नांगरटीनं ढेकळं फुटून आत जपलेला कर्ब उघडा पडतो.

भरून काढणं सोपं नाही. एकरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो. कर्ब ०.५ वरून ०.६ टक्के व्हायला ९०० किलो कर्ब तिथे टिकावा लागतो, आणि शेणखतातला बराचसा तर सूक्ष्मजीव वर्ष-दोन वर्षांत खाऊन हवेत सोडतात. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणाऱ्या बाटलीवर कुणी विश्वास ठेवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

त्यापेक्षा दोन वाळलेली ढेकळं घ्या: एक वावरातलं, एक कधीच न नांगरलेल्या बांधावरचं, गवताच्या मुळांतलं. दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. वावरातलं बहुतेकदा काही मिनिटांत विरघळून तळाशी गाळ होतं. बांधावरचं तसंच धरून राहतं. माती एकच, अंतर चार पावलांचं.